कडू भोपळ्याचे मधुर दान

परीक्षेत ‘भोपळा’ मिळाला म्हणजे हाती शून्य आले, असा मराठी व्यवहारातील रूढ अर्थ आहे. संगीताच्या दालनात मात्र याच पोकळ फळाला मानाचे स्थान आहे. तंबोऱ्याच्या तारेतून उमटणाऱ्या नादाला भरीवपणा येतो तो याच पोकळीमुळे.

हा भोपळा भाजीचा नव्हे. तो आकाराने मोठा, जाड सालीचा आणि चवीला कडू असतो. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर व मंगळवेढा परिसरात त्याची लागवड होते. तेथील कोरडी हवा आणि बेताचा पाऊस त्याला मानवतो. फळ पूर्ण पक्व होऊन उन्हात खडखडीत वाळले, की ते वाद्याच्या योग्यतेचे होते. ऐन वाळण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला, तर मात्र शेतकऱ्याचे श्रम मातीमोल होतात.

वाळलेले भोपळे मिरजेस येतात. तेथे ते पाण्यात भिजवून मऊ करतात, कापून आतील गर काढतात आणि काड्यांचा आधार देऊन त्यांना घाट देतात. मग लाकडी दांडी व तबली जोडली जाते. अखेरचे काम जवारीचे. घोडीचा माथा अत्यंत हलक्या हाताने घासून तारेखाली सुती दोरा सरकवला, की एका स्वरातून अनेक स्वर झंकारू लागतात. या कामात अंतिम निर्णय कारागिराच्या कानाचा असतो.

या कलेचा उगमही विलक्षण आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. संगीतप्रेमी पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय त्या कलेस लाभला. तलवारीची धार पारखणारे हात अशा रीतीने स्वरांच्या सेवेत रुजू झाले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात ते विसावले असून उरुसाच्या वेळी तेथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. हा गौरव उचितच आहे. परंतु कारागिराचे कौशल्य ज्यावर उभे आहे, तो भोपळा दूरच्या शेतात वाढतो. अनेक ठिकाणी आता तंबोऱ्याची जागा विजेवर चालणारी पेटी घेत आहे. वाद्यांची मागणी घटली, तर कारागिराची पुढची पिढी दुसरा उद्योग शोधील आणि शेतकरी दुसरे पीक. ही साखळी एका कडीशी तुटली, तरी तंबोरा मूक होईल.

मैफलीत श्रोत्यांची दाद गायकाला मिळते. त्याच्या मागे शांतपणे झंकारणाऱ्या तंबोऱ्यात एका शेतकऱ्याचे ऊन-पावसातील कष्ट आणि एका कारागिराचा जागता कान सामावलेला असतो. त्या दादेतील काही वाटा त्या दोघांचाही आहे.