रूळ गेले, वाट राहिली

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात १९८६ साली बंद पडलेल्या लोहमार्गावर आज सुमारे ३८६ किलोमीटरची ‘केटी ट्रेल’ ही बारीक खडीची वाट आहे. आगगाडीची वाट असल्याने चढ सौम्य. म्हणूनच शरद ऋतूत, पाने पिवळी-तांबडी झाली की, साठी उलटलेले पती-पत्नीही दिवसभर जोडीने सायकल चालवू शकतात. रूळ काढले तरी जमिनीची पट्टी सलग राखण्याची सोय तेथील १९८३ च्या कायद्याने केली, त्याचे हे फळ.

आपल्या मॉरिशसची आगगाडी १९६४ साली कायमची थांबली. जुन्या मार्गाच्या काही भागावर आता मेट्रो धावते. उरलेल्या पट्ट्या तरी पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी राखाव्यात. तुकडे झालेली वाट पुन्हा जोडणे फार कठीण.