करंडा घेताना आत डोकावा

हळदीकुंकवाला बायका जमल्यात आणि करंड्याचं झाकण निघता निघत नाही! मैत्रिणींनो, शिवाजी पार्कजवळच्या एखाद्या प्रदर्शनात सावंतवाडीचा लाखकामाचा करंडा घ्याल, तेव्हा नुसत्या रंगावर भाळू नका. कातारी लाकूड लेथवर फिरवून आतून पोखरतो. भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली, तर लाकूड कमीजास्त आटतं आणि तडा जातो. म्हणून आत बोट फिरवून पाहा. झाकण किंचित सैलच घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेनं वितळून ती चढते. तेव्हा करंडा शेगडीजवळ ठेवू नका, स्पिरिटनं पुसू नका. कोरडं फडकं पुरे. एवढं जपलंत, तर हाच करंडा लेकीच्या रुखवतात मांडता येईल, बरं का!