साधने फुकट, निर्मिती मुलांची

स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले तयार तक्ते आणि पालकांनी रात्री जागून केलेली प्रतिकृती, हे शालेय प्रकल्पांचे चित्र बदलायला आता पैशाची सबब उरलेली नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये खुले केलेले 'स्क्रॅच' हे मुलांसाठीचे प्रोग्रॅमिंगचे साधन मोफत आहे. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून पाचवीतली मुलगी जलचक्र हलते करून दाखवू शकते: समुद्रावरून वाफ वर जाते, ढग होतो, पाऊस पडतो. वाफेआधीच पाऊस पडू लागला, तर कोणता ठोकळा चुकला हे तिलाच शोधावे लागते. खरे शिक्षण तिथे घडते. तसेच मोफत असलेल्या 'ऑडॅसिटी'वर आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करता येतात, 'ओपनस्ट्रीटमॅप' या खुल्या नकाशावर गावातल्या विहिरी नोंदवता येतात.

मात्र साधन फुकट असले, तरी शिक्षकाचा वेळ फुकट नसतो. आठवड्याला एक जोडतासिका आणि शिक्षकांना प्रत्यक्ष हाताळणीचे प्रशिक्षण, एवढे शिक्षण विभागाने द्यायलाच हवे. मुलांच्या वैयक्तिक माहितीबाबत सावधगिरीही हवी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणून खाते न उघडता चालणारी साधने आधी निवडावीत. आणि गुण देताना सजावट नव्हे, मुलाने स्वतः काय केले ते पाहावे.