कल्याण-डोंबिवली परिसरातील राजकीय हिंसाचार आणि पक्षीय स्पर्धा

कल्याण-डोंबिवली परिसरातील राजकीय हिंसाचार ही संज्ञा ठाणे जिल्ह्यातील कल्याण, डोंबिवली, टिटवाळा, उल्हासनगर आणि लगतच्या भागांत पक्षीय स्पर्धेतून घडलेल्या हल्ले, हाणामाऱ्या, गोळीबार व खुनाच्या घटनांसाठी वापरली जाते. निवडणुकीतील हिंसाचार म्हटले की सामान्यतः मतदान केंद्रावरील दंगल किंवा सत्ताधारी व विरोधक यांच्यातील संघर्ष डोळ्यांसमोर येतो. या परिसरातील प्रमुख घटना त्या चित्रात बसत नाहीत. त्यांतील बहुतेक मतदानाच्या दिवशी घडलेल्या नाहीत आणि त्यांतील दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच पक्षातील किंवा एकाच आघाडीतील होत्या.

पार्श्वभूमी

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १ ऑक्टोबर १९८३ रोजी झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. रेल्वेमुळे मुंबईशी जोडलेल्या या पट्ट्यात गेल्या चार दशकांत शेतजमिनींचे वसाहतींत झपाट्याने रूपांतर झाले. पालिका हद्दीच्या उत्तर टोकाला, कसारा मार्गावर असलेले टिटवाळा हे महागणपतीचे तीर्थस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र मांडा-टिटवाळा भागात अनधिकृत चाळींचा प्रश्नही तितकाच परिचयाचा आहे. परिसरातील २७ गावे २००२ मध्ये पालिकेतून वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट करण्यात आली. जमिनीचा वापर, बांधकामाची परवानगी, पाणी आणि रस्ता या चारही बाबी पालिकेतील सत्तेशी निगडित असल्यामुळे नगरसेवकपदाला येथे मोठे आर्थिक महत्त्व आले.

मतदारसंघांची रचनाही गुंतागुंतीची आहे. एकाच महानगरपालिकेत राहणारा टिटवाळ्याचा मतदार लोकसभेसाठी भिवंडी मतदारसंघात, तर डोंबिवलीचा मतदार कल्याण मतदारसंघात मतदान करतो. परिणामी एकाच शहरात अनेक नेत्यांची प्रभावक्षेत्रे एकमेकांना छेदतात.

पूर्वेतिहास

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी झाली आणि १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत पक्षाला पहिले मोठे निवडणूक यश मिळाले. त्या काळातील मुंबई परिसराचे राजकारण विचारसरणींच्या संघर्षाचे होते. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला. या प्रकरणात शिवसेनेशी संबंधित काही जणांना शिक्षा झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. येथे मारणारे आणि मारला जाणारा यांच्या राजकीय भूमिका परस्परविरोधी होत्या. गिरणगावातील कामगार कोणत्या झेंड्याखाली जाणार, हा वादाचा विषय होता.

१९८९ मधील ठाण्याची घटना वेगळ्या प्रकारची होती. ठाणे महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेच्या उमेदवाराचा पराभव झाला आणि पक्षाची मते फुटल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर शिवसेनेचेच नगरसेवक श्रीधर खोपकर यांचा खून झाला. या प्रकरणी पक्षाचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांना टाडा कायद्याखाली अटक झाली. पुढे त्यांची जामिनावर सुटका झाली. २६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही खटला प्रलंबित होता. संघर्षाचे केंद्र विरोधकाकडून पक्षांतर्गत निष्ठेकडे सरकल्याचे हे या जिल्ह्यातील पहिले ठळक उदाहरण होय.

मित्रपक्षांमधील स्पर्धा

शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांची दीर्घकालीन युती २५ सप्टेंबर २०१४ रोजी तुटली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही पक्ष राज्यात एकत्र सत्तेत आले. तरीही कल्याण-डोंबिवली पालिकेची १ नोव्हेंबर २०१५ ची निवडणूक त्यांनी परस्परांविरुद्ध लढवली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी प्रचारापूर्वी शहरासाठी ६,५०० कोटी रुपयांच्या विकासनिधीची घोषणा केली. शिवसेनेचे मंत्री एकनाथ शिंदे यांनी भाजप आपल्या कार्यकर्त्यांवर अन्याय करीत असल्याचा आरोप करून प्रचारसभेत राजीनाम्याची घोषणा केली. तो राजीनामा स्वीकारला गेला नाही. १२२ जागांपैकी शिवसेनेला ५२, भाजपला ४२ आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला ९ जागा मिळाल्या. निकालानंतर शिवसेना व भाजप पुन्हा एकत्र आले आणि शिवसेनेचे राजेंद्र देवळेकर महापौर झाले.

विधानसभा निवडणुकांतही हेच घडत गेले. कल्याण पूर्व मतदारसंघातून गणपत गायकवाड २००९ व २०१४ मध्ये अपक्ष म्हणून, तर २०१९ मध्ये भाजपतर्फे निवडून आले. २०१९ मध्ये युती असतानाही त्यांची मुख्य लढत शिवसेनेचे बंडखोर धनंजय बोडारे यांच्याशी झाली. त्याच वर्षी कल्याण पश्चिममध्ये भाजपचे तत्कालीन आमदार नरेंद्र पवार यांनी शिवसेनेच्या विश्वनाथ भोईर यांच्याविरुद्ध बंडखोरी केली आणि ते पराभूत झाले.

जागावाटपाच्या गणितातून या स्पर्धेचे स्वरूप समजते. आघाडीत एका मतदारसंघाची जागा एकाच पक्षाला मिळते. ती न मिळालेल्या पक्षाचा इच्छुक पाच वर्षे सत्तेबाहेर जातो. त्याच्याभोवतीचे कार्यकर्ते, कंत्राटे आणि प्रभाव प्रतिस्पर्ध्याकडे वळतात. विरोधी पक्षाचा उमेदवार त्याची उमेदवारी हिरावून घेत नाही. ती मित्रपक्षाचा नेता घेतो.

शिवसेनेतील फूट

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि ३० जून रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. ठाणे जिल्हा हा शिंदे यांचा बालेकिल्ला असल्याने फुटीचा ताण येथे सर्वाधिक जाणवला. वादाचे प्रत्यक्ष ठिकाण बहुधा पक्षाची शाखा असे. ऑगस्ट २०२२ मध्ये डोंबिवलीच्या मध्यवर्ती शाखेत नेत्यांच्या छायाचित्रांवरून दोन गटांत धक्काबुक्की झाली. एप्रिल २०२३ मध्ये ठाण्यात ठाकरे गटाच्या एका महिला कार्यकर्त्याला मारहाण झाल्याच्या आरोपावरून त्या गटाने मोर्चा काढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंब्रा येथील शाखा पाडण्यात आल्यावर उद्धव ठाकरे यांनी तेथे भेट दिली आणि परिसरात मोठा पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला.

याच काळात सत्तेतील दोन भागीदारांमध्येही तणाव वाढला. जून २०२३ मध्ये डोंबिवलीतील एका पदाधिकाऱ्यावर दाखल झालेल्या गुन्ह्यावरून स्थानिक भाजपने शिंदे गटाशी असहकाराचा ठराव केला. कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांनी त्यावर राजीनाम्याची तयारी दर्शवली. वादाचा मुद्दा संबंधित पोलीस अधिकाऱ्याच्या बदलीचा होता. स्थानिक राजकारणात पोलीस ठाण्यावरील प्रभाव किती मोलाचा मानला जातो, हे त्यातून दिसून आले.

हिललाईन पोलीस ठाण्यातील गोळीबार

२ फेब्रुवारी २०२४ रोजी रात्री उल्हासनगर येथील हिललाईन पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. त्यात शिवसेनेचे (शिंदे गट) कल्याण पूर्व शहरप्रमुख महेश गायकवाड आणि त्यांचा एक सहकारी जखमी झाले. भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना या प्रकरणी अटक करण्यात आली. वादाचे तात्कालिक कारण द्वारली गावातील एका जमिनीसंबंधीचे होते आणि त्याच संदर्भात दोन्ही बाजूंचे लोक ठाण्यात आले होते. दालनातील कॅमेऱ्याचे चित्रण पुढे प्रसारित झाले. अटकेपूर्वी एका वृत्तवाहिनीशी बोलताना गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याचे मान्य केले, आपल्या मुलाला पोलिसांसमोर मारहाण झाल्याचा दावा केला आणि मुख्यमंत्र्यांवर आरोप केले. राज्य सरकारने चौकशीचे आदेश दिले व विशेष तपास पथक नेमले.

या घटनेची तीन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. पहिले, दोन्ही बाजू सत्ताधारी आघाडीतील होत्या. दुसरे, घटना पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत घडली. तिसरे, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागू झाली. म्हणजे घटना तिच्या सहा आठवडे आधीची होती. निवडणूक काळात परवानाधारक शस्त्रे जमा करून घेण्याची जी पद्धत आहे, ती तेव्हा लागू झालेली नव्हती.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, मुंबईत दहिसर येथे ठाकरे गटाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या झाडून खून झाला आणि हल्लेखोराने आत्महत्या केली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नव्हता. परंतु त्यामुळे राज्यातील कायदा व सुव्यवस्था हा निवडणुकीपूर्वीच चर्चेचा विषय बनला.

२०२४ च्या निवडणुका

तुरुंगात असलेले गणपत गायकवाड यांनी १२ जुलै २०२४ रोजी न्यायालयाच्या परवानगीने विधान परिषद निवडणुकीत मतदान केले. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने त्यांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना कल्याण पूर्वमधून उमेदवारी दिली. महेश गायकवाड यांनी बंडखोरी करून अपक्ष म्हणून निवडणूक लढवली. सुलभा गायकवाड २६ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या, महेश गायकवाड दुसऱ्या आणि ठाकरे गटाचे धनंजय बोडारे तिसऱ्या क्रमांकावर राहिले. गोळीबारातील दोन्ही बाजूंमध्येच मतदारसंघाची मुख्य लढत झाली.

पक्षांतर्गत स्पर्धा दरवेळी हिंसक होते असे नाही. टिटवाळ्याचा समावेश असलेल्या भिवंडी लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये भाजपचे कपिल पाटील यांचा राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सुरेश म्हात्रे यांनी पराभव केला. पाटील यांनी आपल्याच पक्षाचे मुरबाडचे आमदार किसन कथोरे यांनी सहकार्य न केल्याचा आरोप केला. हा वाद जाहीर वक्तव्यांपुरता मर्यादित राहिला.

महानगरपालिका निवडणुकीपूर्वीची स्थिती

कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर मित्रपक्षांतील ओढाताण फोडाफोडीच्या रूपात प्रकट झाली. कल्याण-डोंबिवलीतील शिवसेनेच्या कार्यकर्त्यांना भाजपमध्ये प्रवेश दिल्याच्या निषेधार्थ १८ नोव्हेंबर २०२५ रोजी शिवसेनेच्या मंत्र्यांनी मंत्रिमंडळ बैठकीवर बहिष्कार टाकला. फोडाफोडीची सुरुवात शिवसेनेनेच उल्हासनगरमध्ये केली, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या वेळी भाजपचे प्रदेशाध्यक्षपद डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण यांच्याकडे होते.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत ३१ प्रभागांतील १२२ जागांसाठी ही निवडणूक होती. दोन्ही पक्षांनी युती केली आणि मतदानापूर्वीच युतीचे अनेक उमेदवार बिनविरोध निवडून आले.

कायदेशीर चौकट

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ नुसार दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र ठरते. केवळ गुन्हा दाखल असणे किंवा अटक होणे ही अपात्रता नाही. प्रतिज्ञापत्रात प्रलंबित खटल्यांची माहिती देणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीला उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावी लागतात आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे एकमेव कारण पुरेसे मानले जात नाही. महापालिका निवडणुकांचे नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे असते. या सर्व तरतुदी उमेदवार आणि निवडणूक काळ यांच्याभोवती रचलेल्या आहेत. उमेदवारी ठरण्यापूर्वीची पक्षांतर्गत चढाओढ त्यांच्या कक्षेबाहेर राहते.

आंतरराष्ट्रीय तुलना

आर्मेनियातील निवडणूक हिंसाचाराशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथे फेब्रुवारी २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल विरोधकांनी अमान्य केला आणि १ मार्च रोजी येरेवानमध्ये निदर्शकांवरील कारवाईदरम्यान दहा जणांचा मृत्यू झाला. ३१ जानेवारी २०१३ रोजी अध्यक्षपदाचे उमेदवार पारुइर हायरिक्यान यांच्यावर प्रचारकाळातच गोळीबार झाला. ते बचावले आणि १८ फेब्रुवारीचे मतदान ठरल्याप्रमाणे पार पडले. आर्मेनियातील या घटना राष्ट्रीय सत्तेभोवती, प्रचार व निकाल यांच्या काळात घडल्या. कल्याण परिसरात निकाल सहसा स्वीकारला जातो आणि मतदान बहुतांशी शांततेत होते. तेथे वादाचे मूळ मतमोजणीत होते, येथे ते उमेदवारी, जमीन आणि प्रभावक्षेत्र यांच्या वाटणीत आहे.

मतदारांवरील परिणाम

हिंसाचारात जखमी झालेले बहुतेक जण राजकीय कार्यकर्ते असले, तरी त्याचा परिणाम त्यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. खरी चुरस मतदानापूर्वीच, आघाडीच्या आत संपत असेल, तर मतदाराच्या हाती उरणारी निवड आकुंचित होते. बिनविरोध निवडीमुळे त्या जागेपुरती ती पूर्णपणे नाहीशी होते. पोलीस ठाणे हेच गटांच्या शक्तिप्रदर्शनाचे ठिकाण बनल्यास जमिनीच्या किंवा बांधकामाच्या वादात सामान्य नागरिकाने दाद कोठे मागायची, हा प्रश्न निर्माण होतो. टिटवाळ्यासारख्या वाढत्या उपनगरात घर, पाणी आणि रस्ता यांसाठी रहिवासी नगरसेवकावरच अवलंबून असतो; म्हणून तो नगरसेवक मतपेटीतून ठरतो की त्याआधीच्या वाटणीतून, यावर त्याच्या दैनंदिन जीवनाचा मोठा भाग अवलंबून आहे.