‘का’ विचारलं, कन्नड उघडलं

आपल्याकडच्या घरात संगणक एक असला तरी तो दोन भाषांत नांदतो. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून शोधतात, अज्जा लिपी बदलून कन्नड वाचतात. अशा घरात ब्राउझर बदलला की कधी कधी मोठी गंमत होते.

माझी धाकटी बहीण सिल्वासाला असते. वापीला उतरायचं आणि पुढं रस्त्यानं जायचं. दादरा-नगर हवेलीतला हा मुलूख १९५४ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगिजांपासून सुटला. त्या लढ्यात आपले सुधीर फडकेही होते. आता तिथं कारखान्यांमुळं देशभरची माणसं आहेत. बहिणीच्या गल्लीत गुजराती, हिंदी, मराठी सगळं ऐकू येतं, कन्नड मात्र नाही. तिचे सासरे धारवाडकडचे. त्यांना कन्नड भेटतं ते संगणकावरच. म्हणून भाच्यानं फायरफॉक्समध्ये अज्जांची सोय करून दिली होती. वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘का’ लिहायचं, जागा सोडायची, मग कन्नड लिपीत हवा तो शब्द. सरळ कन्नड विकिपीडियात शोध सुरू!

पुढं भाच्यानं क्रोम बसवला आणि फायरफॉक्समधलं सगळं त्यात ओढून घेतलं. जतन केलेल्या पानांबरोबर हे शॉर्टकटही गुपचूप आले. एका रात्री धाकट्याला खोकल्याची उबळ आली. बहिणीनं घाईनं लिहिलं, ‘का येतो रात्री खोकला’. ‘का’पुढं जागा सोडताच पट्टीनं तो शॉर्टकट धरला आणि उरलेले शब्द कन्नड विकिपीडियाकडं पाठवले. तिथं काय मिळणार? तिला वाटलं, व्हायरस शिरला. दोन दिवस तिनं संगणकाला हात लावला नाही.

यात व्हायरस वगैरे काही नसतं. शॉर्टकट म्हणजे एका संकेतस्थळाचा पत्ता. त्यात एका जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी ‘एस’ असतो. आपण लिहिलेले शब्द त्या जागी बसतात, एवढंच. ब्राउझरला मराठी कळत नाही. त्याच्या लेखी ‘का’ हा प्रश्न नव्हे, दाराची कडी.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, सगळेच शॉर्टकट उडवून टाकतो.’’ मी म्हटलं, थांब रे बाळा! तुझी अडचण जाईल, पण अज्जांचं दार बंद होईल त्याचं काय? कडी बदल, दार कशाला काढतोस?

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ या भागात सगळे शॉर्टकट ओळीनं दिसतात. ओळीपुढं बदल करायची सोय असते. तिथं नाव, शॉर्टकट आणि पत्ता असे तीन रकाने उघडतात. पत्त्याला हात लावायचा नाही, मधला शब्द तेवढा बदलायचा. आम्ही ‘का’च्या जागी ‘केएन’ घातलं, म्हणजे कन्नड विकिपीडियाच्या पत्त्यात असतात तीच दोन इंग्रजी अक्षरं. मराठीसाठी ‘एमआर’. (दोन्ही विकिपीडिया २००३ सालच्या, जुळ्या बहिणीच म्हणा ना!) ही अक्षरं कुठल्याच बोलण्यात येत नाहीत. ‘मी’, ‘तो’, ‘हा’ असले शब्द चुकूनही ठेवू नका. आपल्या घरांत तर ‘ना’ आणि ‘नी’ही नकोत, कारण कन्नडात ते ‘मी’ आणि ‘तू’ होतात.

त्याच पानावर आणखी एक सोय आहे. शॉर्टकट नुसती जागा सोडून न उघडता टॅबची कळ दाबल्यावरच उघडावा, असं ठरवता येतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकाच संगणकावर असतील तर मी तरी हेच सुचवीन.

यादी उघडलीच आहे तर ती नीट वाचा. आमच्या यादीत ऑर्कुटसुद्धा निघालं, जे २०१४ मध्येच बंद झालं! असली मेलेली नावं नुसती अडगळ. पण एखाद्या ओळीतला पत्ता ओळखीचाच नसेल तर ती ठेवू नका. तो शॉर्टकट लागला की तुमचे शब्द त्या परक्या ठिकाणी जातात, मग ते दुखण्याबद्दल असोत की पैशाबद्दल.

फायरफॉक्समध्येच राहणाऱ्यांनी मात्र जपून. तिथं असे घरी केलेले शॉर्टकट जतन केलेल्या पानाच्या, म्हणजे बुकमार्कच्या, ‘कीवर्ड’ या रकान्यात असतात. साफसफाईत तो बुकमार्क पुसला की शॉर्टकटही जातो, आणि अज्जा हाक मारतात.