सहीच्या आधीची इंग्रजी

इंग्रजी येणे म्हणजे इंग्रजी बोलता येणे, अशी समजूत घराघरांत दृढ झाली आहे. नातू स्नेहसंमेलनात उभा राहून अस्खलित इंग्रजी बोलला की आजी-आजोबांना धन्य वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच घरातील कपाटात पासबुक, मुदत ठेवीची पावती, कर्जाचे मंजुरीपत्र आणि कधी काळी नातलगासाठी सही करून दिलेले हमीपत्रही असते. त्या कागदांवरील एकेका शब्दामागे कोणी, कोणाला, किती रक्कम आणि केव्हा द्यावयाची हे ठरलेले असते. वाणिज्य शाखेचा पदवीधर 'लायबिलिटी' या शब्दाची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण वडिलांच्या ठेवपावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे जे लिहिले आहे त्याचा अर्थ विचारला, तर त्याला उत्तर सुचत नाही. या शब्दांचा अर्थ 'दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहिलेला' एवढाच आहे. आईला उद्या बँकेत काय करता येईल आणि काय करता येणार नाही, हे मात्र त्याच शब्दांवर अवलंबून असते.

वास्तविक व्यापारी घराण्यांना ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या आजोबांनी सांगलीच्या किंवा बार्शीच्या पेठेत अडत केली, त्यांच्या पेढीवर हेच सारे व्यवहार मराठी शब्दांत चालत असत. कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही नावे ज्याने ऐकली आहेत, त्याला जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट ही नावे शिकताना नवी कल्पना शिकावी लागत नाही, केवळ नवे नाव शिकावे लागते. हुंडीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. दाखवताक्षणी पैसे द्यावयाचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाचे ती मुदती हुंडी. आज बँकेत यांनाच 'साइट बिल' आणि 'यूसन्स बिल' म्हणतात. शाहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच द्यावयाचे असत, जेणेकरून हुंडी चोराच्या हाती पडली तरी पैसे कोणामार्फत गेले याचा माग लागावा. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढून त्याला 'क्रॉस' करण्यामागे हीच युक्ती आहे. तेथे शाहाची जागा बँकेने घेतली आहे. हुंडी हरवली तर पैठ लिहून देत, पैठही हरवली तर परपैठ. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागत असे, म्हणजे पतपत्र आणि विमा एकाच कागदात! १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हा हुंड्यांबाबतच्या स्थानिक रूढींना हात न लावण्याची तरतूद त्याच्या पहिल्याच कलमात करावी लागली. इतकी ती व्यवस्था रुळलेली होती.

'क्रेडिट' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील विश्वास ठेवणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. मराठीतील 'पत' हा त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा शब्द. पतपेढी, पतसंस्था, पत राखणे, पत जाणे हे सारे ज्याला कळते त्याला 'क्रेडिट स्कोअर' वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. जमा आणि नावे या जोडीच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते. ग्राहकाने बँकेत दहा हजार रुपये भरले की पासबुकात ते 'क्रेडिट' म्हणून दिसतात, आणि पुस्तकात तर शिकवलेले असते की रोख आली म्हणजे 'डेबिट'. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो. खुलासा सोपा आहे. पासबुक हा बँकेच्या खतावणीचा उतारा आहे. बँक त्या ग्राहकाचे दहा हजार देणे लागते, म्हणून तिच्या वहीत ती रक्कम ग्राहकाच्या खाती जमा. ग्राहकाच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. वही कोणाची, हा प्रश्न आधी विचारला की अर्धे लेखाशास्त्र आपोआप उलगडते.

इथवर जुने शब्द हात देतात. काही शब्दांच्या बाबतीत मात्र जुन्या शब्दाची सवयच घात करते, आणि त्यांत पहिला मान 'गॅरंटर'चा.

मराठीत जामीन राहणे याला एक सामाजिक अर्थ आहे. 'मुलगा चांगला आहे, बुडवणार नाही' अशी चार माणसांत ग्वाही देणे, असा तो अर्थ. त्यामुळे पुतण्या दुकानासाठी कर्ज घेताना काकांकडे येतो आणि म्हणतो, "काका, नुसती सही हवी आहे, नावापुरती." काका सही करतात. भिडेखातर केलेल्या या सहीने काय केले आहे ते १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये एका ओळीत लिहिलेले आहे: करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच विस्तृत असते. म्हणजे दहा लाखांचे कर्ज थकले तर काका त्या दहा लाखांचे आणि वरच्या व्याजाचेही देणेकरी. 'आधी पुतण्याकडून वसूल करा, उरले तर माझ्याकडे या', असे काकांना म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे की धनकोने प्रथम ऋणकोविरुद्धचे सारे उपाय संपवावेत अशी अट जामीनदाराला घालता येत नाही. हमीपत्रात 'जॉइंटली अँड सेव्हरली' हे जे तीन शब्द असतात त्यांचा अर्थ हाच: सर्व मिळून आणि प्रत्येक जण एकेकटाही, संपूर्ण रकमेला बांधील. चार जामीनदार आहेत म्हणून प्रत्येकी चौथा हिस्सा द्यावा लागेल, हा हिशेब धनकोपुढे चालत नाही. पतसंस्थेचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यावर कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावे येतात. शिवाय जामीनदाराच्या स्वतःच्या क्रेडिट अहवालातही ते कर्ज दिसते. काकांना उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवे असेल तेव्हा त्याची आठवण होते.

याच कागदातील आणखी एक शब्द म्हणजे 'कंटिन्युइंग गॅरंटी'. कॅश क्रेडिट खात्यात पैसे काढणे-भरणे अखंड चालू असते, म्हणून बँक चालू राहणारी हमी घेते. एकदा खाते शून्यावर आले म्हणजे आपण सुटलो, असे अशा हमीत होत नाही. मात्र कायद्याने काकांना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम १३० प्रमाणे धनकोला नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती चालू हमी मागे घेता येते. आणि जामीनदाराने रक्कम भरली तर कलम १४० प्रमाणे धनकोचे ऋणकोविरुद्धचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. हे ज्यांना ठाऊक असते ते वेळीच एक पत्र लिहितात. ज्यांना ठाऊक नसते त्यांच्या घरात दिवाळीचे जाणे-येणे बंद होते, कारण पैशांपेक्षाही 'मला सांगितले का नाहीस' हे शल्य मोठे असते. पुतण्याने फसवलेले असतेच असे नाही. बहुधा त्यालाही त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नसतो.

दुसरा शब्द 'नॉमिनी'. कित्येक मराठी अर्जांवर त्यासाठी 'वारसाचे नाव' असे छापलेले आढळते, आणि सगळ्या घोळाचे मूळ तेथेच आहे. बँक ठेवीचा नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती. तिला रक्कम दिली की बँक मोकळी झाली. ती रक्कम कोणाच्या मालकीची, हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. समजा, वडिलांनी बारा लाखांच्या ठेवीवर थोरल्या मुलाला नॉमिनी केले. मृत्युपत्र नाही, रक्कम स्वकष्टार्जित आहे, मागे पत्नी, तो मुलगा आणि दोन मुली आहेत. बँक बारा लाख मुलाच्या हाती देईल, पण त्यांतील त्याचे तीनच लाख. उरलेले नऊ लाख तो आई आणि दोन बहिणी यांचा विश्वस्त म्हणून बाळगतो. मुलाला वाटते की बाबांनी माझे नाव लिहिले म्हणजे मलाच दिले. बहिणींनाही तसेच वाटते आणि त्या गप्प बसतात. एका शब्दाचा चुकीचा अर्थ दोन्ही बाजूंनी मान्य केल्यामुळे टिकलेली अशी शांतता कितीतरी घरांत आहे.

शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला. सहकारी गृहनिर्माण संस्थेत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला मिळते ते तात्पुरते सभासदत्व. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून निराळा नियम आहे: आईवडील, पती-पत्नी किंवा अपत्ये यांचे नामनिर्देशन असेल तर ती व्यक्ती त्या रकमेची लाभार्थीच ठरते. एकच शब्द, पण कागद बदलला की त्याचे वजन बदलते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. ही सोय चांगली आहे. मात्र या टक्क्यांना मृत्युपत्र समजण्याची नवी चूक कोणी करू नये.

व्याजाच्या शब्दांकडे वळले की 'फ्लॅट' हा निरुपद्रवी दिसणारा शब्द समोर येतो. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे, दर दहा टक्के फ्लॅट. व्याज झाले तीस हजार, मासिक हप्ता सुमारे ३,६११ रुपये. ऐकायला दहा टक्के स्वस्त वाटतात. परंतु दर महिन्याला मुद्दल फिटत असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच आकारले जाते. घटत्या शिलकेवर, म्हणजे 'रिड्यूसिंग बॅलन्स' पद्धतीने, त्याच दहा टक्क्यांनी हप्ता सुमारे ३,२२७ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १६,१६० रुपये. उलट, ३,६११ च्या हप्त्याचा घटत्या शिलकेवरील खरा दर काढला तर तो जवळजवळ १८ टक्के भरतो. हे गणित आठवीतल्या मुलीला कागद-पेन्सिल देऊन, महिन्यामागून महिना मांडून करायला लावावे. हा शब्द ती जन्मभर विसरणार नाही.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरील 'मिनिमम अमाउंट ड्यू' याविषयी थोडक्यातच पुरे. 'इतके भरले की झाले' असा त्याचा अर्थ नाही. 'इतके भरले तर विलंब शुल्क लागणार नाही' एवढाच आहे. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी सवलतही जाते. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला बेचाळीस, हे खासगी सावकारालाही लाजवील असे आहे. वर्तमानपत्रातील 'इन्फ्लेशन घटले' या मथळ्याचेही तसेच. महागाईचा दर सहावरून चारवर आला म्हणजे भाव उतरले नाहीत. भाव वाढतच आहेत, केवळ वाढण्याची गती मंदावली आहे. गृहिणीला हे अर्थतज्ज्ञांच्या आधी ठाऊक असते, म्हणून ती असल्या मथळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

हे शब्द शिकण्यासाठी शिकवणीची आवश्यकता नाही. रविवारी दुपारी घरातील एक कागद काढावा आणि सर्वांनी मिळून वाचावा. एका वहीत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा, शेजारी जुना मराठी शब्द असल्यास तो, आणि त्यापुढे त्या शब्दामुळे पैसे कोणाकडून कोणाकडे जातात ते. तिसरा रकाना भरता आला नाही तर शब्द समजला नाही असे समजावे. सुनेला आणि मुलीला यातून वगळू नये; पतीच्या पश्चात हे कागद उघडण्याची वेळ बहुधा स्त्रियांवरच येते, आणि ती वेळ शब्दकोश शोधण्याची नसते.

बँकेच्या बाजूनेही काही सोयी आहेत, त्या मागून घ्याव्यात. खाते उघडण्याचे अर्ज, भरणा चिठ्ठ्या, पासबुके इत्यादी छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत ठेवण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत कर्जदारांना आणि लघुउद्योगांना मुदत कर्ज देताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचे पत्रक द्यावे लागते. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक असते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे असा नियम आहे. शाखेत गेल्यावर ते मराठीत मागावे. काउंटरवरचा तरुण अधिकारी थोडा वेळ शोधाशोध करील. तोवर समोरच्या बाकावर बसून राहावे.

पुढील अंकी: विमापत्रातील 'सरेंडर', 'पेड-अप' आणि 'एक्स्क्लूजन' हे तीन शब्द.