पिलाटीज : यंत्रापेक्षा शिक्षक महत्त्वाचा

कोरेगाव पार्क, बाणेर, औंध, कल्याणीनगर अशा भागांत गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी दिसू लागली आहे : पिलाटीज स्टुडिओ. समाजमाध्यमांवर सिनेतारका सरकत्या गादीवर व्यायाम करताना दिसतात. दिवसभर संगणकासमोर बसून कंबर धरलेले तरुण आणि बाळंतपणानंतर सुटलेले पोट आत घेऊ पाहणाऱ्या मातांपासून गुडघ्यांमुळे जिमला घाबरणाऱ्या साठीतल्या गृहिणींपर्यंत अनेक जण या वर्गांची चौकशी करतात. फी मात्र अनेक ठिकाणी हजारोंच्या घरात असते. त्यामुळे पैसे भरण्याआधी या व्यायामाने काय साधते, काय साधत नाही आणि कोणी सांभाळून राहावे, हे समजून घेतलेले बरे.

व्यायामाकडे लोक वळत आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. मधुमेह, रक्तदाब आणि कंबरदुखी यांचे मूळ बऱ्याच अंशी या बैठेपणात आहे.

आजारी मुलाचा व्यायाम

पिलाटीज हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीत झाला. लहानपणी त्यांना दमा आणि मुडदूस होता, आणि शरीर सुधारण्याच्या धडपडीतून ते व्यायामाकडे वळले. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्यांनी खाटांना स्प्रिंग बांधून व्यायाम बसवले, असे सांगितले जाते. आजच्या ‘रिफॉर्मर’ यंत्राचे मूळ तेथे मानतात. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील नर्तकांमध्ये त्यांची पद्धत रुजली. ते स्वतः तिला ‘कंट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र म्हणत.

पुणेकरांना ही कथा ओळखीची वाटेल. लहानपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्यात आले आणि त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या मदतीने आसने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. १९७५ मध्ये येथे उभी राहिलेली त्यांची संस्था जगभरातल्या विद्यार्थ्यांना पुण्यात खेचून आणते. साधनांचा आधार आणि स्थितीच्या अचूकतेवर भर या गोष्टी दोन्ही पद्धतींत आहेत. फरक असा, की योगात आसन स्थिर धरण्याला महत्त्व आहे, तर पिलाटीजमध्ये धड स्थिर ठेवून हातपाय संथ, नियंत्रित गतीने हलवले जातात. पोटाचे खोल स्नायू, पाठीचे स्नायू, ओटीपोटाचा तळ आणि नितंब यांना एकत्र काम करायला शिकवणे, हा त्याचा गाभा.

पुरावा काय सांगतो?

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो कंबरदुखीवर. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने १० चाचण्यांचा, सुमारे ५०० रुग्णांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा पिलाटीजने वेदना कमी होतात, असे त्यात दिसले. मात्र इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, असा ठाम निष्कर्ष निघाला नाही. पुराव्याचा दर्जाही कमी ते मध्यम होता. याचा साधा अर्थ असा : पाठीसाठी पिलाटीज चांगले आहे, पण एकमेव नाही. जो व्यायाम आपण सहा महिन्यांनंतरही करत राहू, तोच आपल्यासाठी चांगला.

वजनाच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. पिलाटीजमध्ये खर्च होणारी ऊर्जा वेगाने चालण्यापेक्षा साधारणपणे कमीच असते. पोटाचे स्नायू बळकट झाले, तरी त्यावरची चरबी केवळ त्या व्यायामाने वितळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. पिलाटीज दुसऱ्या गरजेचा काही भाग भागवते. पहिलीसाठी तळजाई, पर्वती, वेताळ टेकडी आहेतच, आणि तेथे फी लागत नाही.

कोणी आधी तपासून घ्यावे?

सर्वात मोठी काळजी ठिसूळ हाडांची. पिलाटीजच्या अनेक प्रसिद्ध प्रकारांत पाठ गोल करून पुढे वाकावे लागते. मेयो क्लिनिकमधील १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात, हाडे ठिसूळ झालेल्या ज्या स्त्रिया फक्त पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या, त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत पुढे नवी झीज वा अस्थिभंग दिसला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते. म्हणून पाळी गेलेल्या, उंची कमी झालेल्या, पाठीला बाक आलेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या व्यक्तींनी आधी हाडांची घनता तपासण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

रक्तदाब जास्त असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावू नये. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणारे प्रकार टाळावेत. गर्भवतींनी प्रसूतितज्ज्ञांची परवानगी घ्यावी आणि पहिल्या तिमाहीनंतर फार वेळ पाठीवर झोपून व्यायाम करू नये. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील, तर थेट सिट-अप्ससारखे प्रकार सुरू करणे योग्य नाही.

आणि प्रत्येक कंबरदुखी व्यायामाने बरी होणारी नसते. संध्याकाळी येणारा ताप, घटते वजन आणि रात्री झोपू न देणारी पाठदुखी म्हणजे मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पायातली ताकद कमी होणे, जांघेत किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे दिसली, तर स्टुडिओ नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाचे दोन महिने वर्गात गेले, तर हुकलेली वेळ परत मिळत नाही.

शिक्षक कसा निवडावा?

२००० साली अमेरिकेतील न्यायालयाने ‘पिलाटीज’ हे कोणा एकाचे व्यापारचिन्ह असू शकत नाही, असा निकाल दिला. त्यामुळे पद्धत जगभर पसरली, पण पाटी लावायला कोणालाही मोकळीकही मिळाली. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला परिषदेची नोंदणी लागते. व्यायाम प्रशिक्षकाला तसे कायद्याचे बंधन नाही. काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम केलेला आणि दोन-तीन वर्षे हाताखाली शिकलेला, दोघेही ‘सर्टिफाइड’ म्हणवतात.

म्हणून प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण किती महिन्यांचे, प्रत्यक्ष की ऑनलाइन? एका वर्गात किती जण? पहिल्या दिवशी आजार, शस्त्रक्रिया, औषधे यांची चौकशी होते का? दुखते म्हटल्यावर प्रकार बदलून देतात, की ‘सहन करा’ म्हणतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वात बोलके असते.

सुरुवात साध्या चटईवर करावी. महागडे यंत्र नसले तरी मूळ तत्त्वे शिकता येतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. पहिले एक-दोन दिवस स्नायू अंगात आल्यासारखे दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणे, पायात कळ उतरणे किंवा मुंग्या येणे स्वाभाविक नाही, तेथे थांबावे. वर्षाची फी एकरकमी भरण्याची घाई नको. आधी महिनाभर जाऊन पाहावे.

ज्यांना ही फी परवडत नाही, त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. कंबरदुखीसाठी सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपी विभागात शिकवले जाणारे व्यायाम याच स्नायूंवर काम करतात. घरी जमिनीवर सतरंजी अंथरून ते रोज १५ मिनिटे केले, तर पाठीला फरक पडतो. ते कोणत्या नावाने शिकवले, हे पाठीला कळत नाही.